तोंडावरचं बोट

नारिनच्या पलीकडे, खिंडीखालच्या शाळेत
मी रसायनशास्त्र शिकवते.
जीवशास्त्राच्या बाई बाळंतपणाला गेल्या
म्हणून जिल्ह्याकडून आलेली ती पिवळी पुस्तिका
माझ्या टेबलावर येऊन पडली :
सातवीचा वर्ग, सहा तास, दर गुरुवारी.

मुख्याध्यापक झुमाबाय दाराशीच म्हणाले,
मुलींना बसवा. मुलगे तोवर कोळसा उतरवतील,
ट्रक आलाच आहे.
मी म्हटलं, कोळसा कुठे पळून जात नाही.
ते हसले नाहीत.

पहिल्या तासाला फळ्यावर शरीराचे भाग लिहिले,
सगळे, त्यांच्या खऱ्या नावांनी.
गुडघा लिहिताना खडू जसा चालतो
तसाच पुढेही चालवायचा, असं घरून ठरवून आले होते.
तुटला.
मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, उयात!

उयात म्हणजे लाज.
आमच्याकडे मूल रांगतं तेव्हापासून हा शब्द त्याच्या मागे रांगतो.
मोठ्याने हसलीस, उयात.
पाहुण्याकडे पाठ केलीस, उयात.
पाहुण्याने काय केलं
त्याला शब्द नाही.

दुसऱ्या तासाला मी रात्र जागून केलेली उपमा नेली :
विषाच्या बाटलीवर कवटी असते, माणसांवर नसते,
तेव्हा आपलं पोट हाच आपला लिटमस कागद,
आत काही आवळलं की समजायचं...
मीरगुलने हात वर केला.
एझे, हे परीक्षेला येणार का?

तिसऱ्याला चहाचा रिकामा डबा नेला, झाकणाला खाच पाडून.
काहीही विचारा. नाव लिहू नका.
अक्षर ओळखायला मी जाणार नाही, शपथ.

जेवण कधी आहे.
कन्यकेयला ताआलाय आवडतो.
एझे, तुमचं लग्न का मोडलं.
आणि एक, इतक्या घड्या घातलेली
की वाटलं, चहाचं पानच राहिलंय तळाला.

मुलग्यांनासुद्धा होतं का?

शाई उजवीकडे फरफटलेली,
लिहिणारा हातच अक्षरांवरून फिरला होता.
वर्गात डावखुरे दोनच.
मी चिठ्ठी पालथी केली.

हो, म्हटलं.
शेगडीतला कोळसा तेवढा तडकला.
हो. बहुतेकदा ओळखीच्याच माणसाकडून,
ज्याला घरी सगळ्यात आधी चहा मिळतो.
तेव्हा अंग दगड झालं असेल, ओरडता आलं नसेल,
त्याने दिलेला चाकू घेतला असेल, आवडलाही असेल,
तरी चूक त्याची. मोठ्याची.
हे परीक्षेला येणार नाही, मीरगुल.
हे लिहूनही घेऊ नका.

सगळे बसून होते
हाताची घडी, तोंडावर बोट.
पहिलीत मीच शिकवलं होतं त्यांना.
किती कौतुक झालं होतं माझ्या वर्गाचं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर एर्मेक बादली घेऊन आला.
पाळी त्याची नव्हती.
कोळसा ओतला. राख काढली. पुन्हा कोळसा ओतला.
कुस्तीत मोठमोठ्यांना चीत करणारा पोरगा,
त्याला दार कुठल्या बाजूला आहे ते कळेना.
मी वही मिटली. बस, म्हटलं.
बोट ओठांपाशी गेलं त्याचं, नख चावत राहिला.
मग बोट खाली आलं.

जे बोलला ते या कवितेत नाही.
ते त्याचं आहे.

मी म्हटलं, माझा विश्वास आहे.
म्हटलं, हे मी पोटात ठेवणार नाही,
कोणाला सांगणार ते आधी तुला सांगेन,
आणि तिथे तू एकटा जाणार नाहीस.
त्याने विचारलं, आईला कळेल?
मला पटकन उत्तर देता आलं नाही.
पुस्तिकेत होतं. आठवेना.

बाहेर झुमाबाय एकटेच ट्रक रिकामा करत होते.
मी फोनच्या खोलीची किल्ली मागितली.
कशाला, म्हणणार होते.
मग खिडकीकडे पाहिलं, बराच वेळ.
हात विजारीला पुसले, नीट पुसले गेले नाहीत.
किल्लीवर त्यांचा काळा अंगठा उठला होता.